हनुवटीवर दोन बोटं

आईच्या जागेला दवाखाना म्हणायचं नाही, असा तिचा नियम होता. "इथे कुणी आजारी नसतं," ती म्हणायची. म्हणून डोंबिवलीला टिळकनगरात तळमजल्यावर असलेल्या त्या जागेला आम्ही सगळे नुसतं 'खोली' म्हणायचो. दारावर पाटी होती : हेमा बाळ, वाचा व भाषा उपचार. नव्याने येणाऱ्या पालकांना वाटायचं, 'बाळ' हे लहान मुलांचं म्हणून लिहिलंय, आडनाव नव्हे. आई त्यांना दुरुस्त करत नसे. एरवी ती सगळ्यांना सगळं दुरुस्त करायची.

जानेवारीत आई गेली. स्वादुपिंडाचा कॅन्सर, निदानापासून सात आठवडे. त्यातले पहिले आठ दिवस तिने कुणालाही न सांगता खोलीवर जाऊन काम केलं. फेब्रुवारीअखेर जागा मालकांना परत द्यायची होती. ठाण्यातल्या ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते तिथून मी पंधरा दिवसांची रजा काढली आणि रोज सकाळी किल्ली घेऊन खोली आवरायला जाऊ लागले.

आवरण्यासारखं फार नव्हतं. एक बुटकं टेबल, चार बुटक्या खुर्च्या, आरसा, खेळण्यांचे डबे, चित्रांची कार्डं, आणि कपाटात सदतीस मुलांच्या फायली. टेबलाच्या खणात टिकल्यांची पाकिटं सापडली, मरून रंगाची, सगळ्यात लहान आकाराची. आई स्वतः तीच लावायची आणि मुलांनाही तीच द्यायची.

ती कसं शिकवायची ते सांगायला हवं. तिच्याकडे येणारी बरीचशी मुलं अशी असत, की ज्यांचे कान ठीक, बुद्धीही ठीक, आणि तरी भाषा येत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाकडे पंधरा-वीस शब्द, तेही सुटे. आई हातात एखादी वस्तू घ्यायची, समजा चेंडू. मुलाला दाखवायची आणि विचारायची, "काय हवं?" मग आपल्या उजव्या हाताची दोन बोटं आडवी करून स्वतःच्या हनुवटीवर ठेवायची, मान जराशी कलती करायची, भुवया उंचवायची आणि मनात दहा मोजायची. दोन बोटं म्हणजे : माझं बोलून झालं, आता मी थांबले, आता तू. खोलीत बसलेल्या आईवडिलांनाही ती तशीच बोटं दाखवायची, कारण मुलाऐवजी उत्तर द्यायची घाई त्यांनाच असायची. "माणसं दोनच्या पुढे थांबत नाहीत," ती म्हणायची. "मुलाला आठ लागतात." दहाच्या आत मुलाने काहीही, नुसता 'चे' जरी म्हटला, तरी चेंडू मिळायचा आणि पालथ्या हातावर एक टिकली. काही दिवसांनी मुलंही ती खूण शिकायची. आपली पाळी संपली की हनुवटीवर दोन बोटं ठेवून थांबायची. समोरचा मधे बोलला तर त्यालाही दाखवायची.

मला ती बोटं घरी जेवताना दिसायची. बाबा बोलत असताना मी मधे तोंड घातलं, की ताटापलीकडे आईची हनुवटी आणि दोन बोटं.

फायली मुलांच्या घरी द्यायच्या होत्या. पालक येत होते, कुणी रडत होते, कुणी पुढे कुठे जायचं ते विचारत होते. अकरा मुलं नीरजाने घेतली. ती आईची जुनी विद्यार्थिनी, माजिवड्याला एका मोठ्या केंद्रात काम करते. बाकीची कुठे ना कुठे गेली. शेवटच्या दिवशी एकच फाईल उरली, भाविकाची. तिचे वडील हितेश फोनवर "येतो येतो ताई" म्हणत राहिले आणि आले नाहीत. ते कंपनीची बस चालवतात. पहाटे निघतात, रात्री परततात.

भाविकाला मी ओळखत होते. तिच्या पहिल्या दिवशी योगायोगाने मी खोलीवर होते. ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंबिवली पश्चिमेला खाडीच्या काठावर, मोठागावात त्यांचं घर. पिढ्यानपिढ्या मासेमारी, घरची होडी. साडेतीन वर्षांची पोर आजीच्या कडेवरून उतरायला तयार नव्हती. आजीचं नाव मालूबाई. आईने काही विचारलं की मालूबाईच सांगायच्या, भरभरून, हातवारे करत, त्यांच्या बोलीत : हिला चिंबोरी लय आवरते, होरीत बसली का उतरत नाय, हिला सगलं समजतं, निस्तं बोलत नाय. मला फार मजा वाटली होती. आईने हनुवटीवर दोन बोटं ठेवली. मालूबाई थांबल्या आणि हसल्या.

"मालूबाई," आई म्हणाली, "दिवसभर ती तुमच्याजवळ असते. तुमची भाषा वेगळी, आईवडिलांची थोडी वेगळी, शाळेची आणखी वेगळी. तिचा गोंधळ होतोय. घरात एकच भाषा राहू दे, शाळेची. ती हितेश आणि त्यांची बायको बोलतील, शुद्ध आणि सावकाश. तुम्ही तिचं सगळं करा. भरवा, न्हाऊ घाला, खेळवा. फक्त बोलू नका."

"म्हंजे मी गपच ऱ्हाऊ?"

"पोरीसाठी."

"कती दिस?"

"मी सांगेन तोवर."

मालूबाईंनी एकदा नातीकडे पाहिलं आणि तिथल्या तिथे पदर तोंडाला लावला. हितेश म्हणाले, "बाई, आमची आये गप बसली तर अख्खं मोठागाव बघायला येईल." सगळे हसले. मीही.

आईच्या शोकसभेला मालूबाई आल्या होत्या. बोलणारे बहुतेक शिक्षक, डॉक्टर, तिच्या जुन्या विद्यार्थिनी. सगळं झाल्यावर त्या मागून उठल्या आणि माईक न घेता म्हणाल्या, "माजी नात मना 'आजी' बोलते. बाईंनी बोलवली. बाईंनी सांगलंता, मालूबाई, गप ऱ्हावाचा. मी तोंडाला कुलूप घातलंय. पोर समोर असली का मी कोनाशीच बोलत नाय. बाई सांगतील तवर." एवढं बोलून त्या खाली बसल्या. त्या सभेत त्याआधी मी रडले नव्हते.

तर ती फाईल. शेवटच्या दिवशी, करायला दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून, मी ती उघडली. पहिल्या पानावर भाविकाच्या त्या वेळच्या शब्दांची यादी होती. सतरा शब्द. त्यातल्या नऊ शब्दांखाली आईने लाल रेघ मारली होती आणि समोर काय म्हणायला हवं ते लिहिलं होतं. 'बय' या शब्दासमोर 'आजी' लिहिलं होतं. भाविका आजीला बय म्हणायची. पुढे दर सहा महिन्यांनी आकडे : सतरा, बावन्न, एकशे चार, एकशे सोळा, एकशे नऊ, एकशे दोन. आणि शेवटच्या पानावर, नऊ डिसेंबर तारीख घालून, आईच्या नेहमीच्या उभ्या अक्षरात :

'शब्द आहेत, बोलणं नाही. कुणाला काही सांगायचं असतं हेच तिला माहीत नाही. दिवसाचे दहा तास ती गप्प बसलेल्या माणसाजवळ असते. त्या माणसाला मी गप्प केलं. आजीची बोली थांबवायला सांगणं ही माझी चूक. समक्ष घरी जाऊन सांगणे. लवकर.'

'लवकर'खाली दोन रेघा. बारा डिसेंबरला आम्ही तिला हॉस्पिटलात नेलं, आणि त्यानंतर तिने पेन हातात धरलं नाही.

मी ते पान फाईलमधून काढलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं. एक टिकल्यांचं पाकीटही ठेवलं, का ते ठाऊक नाही. खोलीची किल्ली मालकांना दिली.

मग एकोणीस दिवस मी काही केलं नाही. स्वतःला दिलेली कारणं इथे लिहिण्यात अर्थ नाही, ती सगळी चांगली होती. खरं एवढंच, की आईने स्वतःबद्दल 'चूक' हा शब्द लिहिलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, आणि तो बाहेर कुणी वाचू नये असं मला वाटत होतं. दोनदा मी ते पान फाडायला काढलं. विसाव्या दिवशी रिक्षा करून नीरजाकडे गेले.

माजिवड्याच्या त्या केंद्रात चौथ्या मजल्यावर सात खोल्या आहेत आणि पॅसेजमध्ये पालकांची रांग. नीरजा एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकचा हत्ती घेऊन बाहेर आली.

"ये, बस. सात मिनिटं आहेत माझ्याकडे. मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या, सहा."

मी तिला पान दिलं. तिने दोनदा वाचलं. मग डब्याचं झाकण उघडलं आणि परत बंद केलं.

"अगं, आम्ही सगळ्यांनीच सांगितलंय हे," ती म्हणाली. "असंच शिकवलेलं आम्हाला. एक घर, एक भाषा. गुजराती घराला म्हटलं मराठी बोला, मराठी घराला म्हटलं शाळा इंग्लिश आहे ना, मग घरी इंग्लिश बोला. त्यांना धड येत नसायचं तरी. मी स्वतः एका आजोबांना गप्प केलंय. तेलुगू होते. ते गेलेसुद्धा आता."

"आणि आता?"

"आता उलटं सांगतो. ज्याला जी येते ती बोला, भरपूर बोला."

"हे कळलं कधी?"

"असं एका दिवशी कळत नाही गं. कुठे काही वाचलं जातं, कुणी काही बोलतं, मग आपण आपलं सांगणं हळूच बदलतो. कोणी घंटा वाजवत नाही."

"आणि आधी ज्यांना सांगितलं त्यांना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "क्षिप्रा, दिवसाला अकरा मुलं बघते मी."

आतून एक मूल किंचाळलं. नीरजाने नुसता कान दिला. "मागण्याचं आहे, दुखण्याचं नाही," ती म्हणाली आणि बसून राहिली.

"भाविकाला घेशील?"

"घेते. नाव लिही बाहेर. सव्विसावा नंबर असेल, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. आणि मोठागावाहून इथे आणणार कोण तिला, आठवड्यातून दोनदा? आई काय करते?"

"एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत आहे. पॅकिंगला."

"मग झालंच. कल्याणला एक चांगला मुलगा होता, तो दुबईला गेला. शहाडला एक आहे म्हणतात, पण तो सगळ्या मुलांना मोबाईलवर एकच गाणं लावून देतो." ती हसली नाही. "हे बघ, खरं सांगू? माझ्या दोन सेशनने काय होणार? त्या आजीला बोलती कर. तिच्याकडे दहा तास आहेत. काही शिकवायला नको. मासे निवडतेय तर मासे निवडतेय म्हणून बोल म्हणावं. जी भाषा येते तीत. एवढंच औषध आहे."

"उशीर झालाय का?"

"पालकांना मी याचं उत्तर देत नाही."

"मी पालक नाही."

"हो," नीरजा म्हणाली. "झालाय. साडेतीनची पोर आणि साडेसहाची पोर यात फार फरक असतो. पूर्ण गेलं असं नाही म्हणत मी. पण रोज थोडं जातंय." पान परत देताना तिने त्याची घडी होती तशीच नीट घातली. "हे कुणाला दाखवू नकोस बाकी. आजीपुरतं ठेव."

त्याच्या पुढच्या रविवारी मी मोठागावला गेले. रविवारी हितेश घरी असतात. मी फोन करूनच गेले होते. नव्या पुलाचा रस्ता संपतो तिथून खाली उतरलं की घरं दाटीने सुरू होतात, आणि घरांच्या मागे खाडी. मालूबाई अंगणात, म्हणजे दारापुढच्या लाद्यांवर, सुपात सुक्या जवळ्याची बारीक मासळी घेऊन निवडत बसल्या होत्या. समोरच्या दारात त्यांची शेजारीण जाईबाई. मी गल्लीच्या तोंडाशी होते तेव्हापासून मालूबाईंचा आवाज येत होता.

"काय गो जाय, तुजा जवला काल कावल्यांनी नेला का नवऱ्यानी?"

"नवरा नेल तर परत तरी आनंल!"

"तुजा? तो सोता गेला तरी परत येताना इचार करंल!"

दोघी हसत होत्या. इतक्यात दारातून भाविका बाहेर आली. उंच झाली होती. मालूबाईंचं हसणं अर्ध्यावर थांबलं, जणू कुणी नळ बंद केला. तोंड मिटलं, मान सुपात. जाईबाईंना सवय असावी, त्या आपल्या आत गेल्या. भाविका आजीजवळ गेली, तिच्या खांद्याला दोनदा हात लावला. मालूबाईंनी न बघता कमरेची पिशवी सोडली, शेंगदाणे काढून तिच्या ओंजळीत दिले. भाविकाने रिकामी झालेली पिशवी आजीच्या कमरेला परत खोचली. तोंडातून एकही शब्द न काढता दोघींचं सगळं व्यवस्थित चाललं होतं. ते पाहणारं नवखं माणूस म्हणालं असतं, किती छान समजतं या दोघींना एकमेकींचं.

हितेशनी मला खुर्ची दिली. पोरीला आत टीव्हीसमोर बसवलं आणि दार ओढून घेतलं. मग मालूबाई बोलल्या.

"ये, बाय. बाईंची पोर. सुकलीस. चा घेशील ना?"

चहा झाला. मी पान काढून हितेशना दिलं आणि म्हटलं, आईचं अक्षर आहे, मोठ्याने वाचा. ते वाचायला लागले आणि 'गप्प केलं' इथे अडखळले, पण पूर्ण वाचलं.

मालूबाईंचे हात सुपात थांबले होते. "परत वाच," त्या म्हणाल्या.

त्यांनी परत वाचलं.

"कवाचा कागद?"

"नऊ डिसेंबर," मी म्हटलं.

"नव डिसेंबरला आमी खोलीवर गेलेलो. हितेश, गेलेलो ना? मंगलवार व्हता. बाई समोर बसलेल्या. मना चा दिला, बिस्कूट दिलं. मंग तवा तोंडानी का नाय सांगलं?"

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एकोणीस दिवस मी ते पान वाचत होते, पण त्या दिवशी आजी त्याच खोलीत होती हा विचार मला सुचला नव्हता. "तिला घरी येऊन समक्ष सांगायचं असेल," मी म्हटलं.

"खोलीत मी काय भूत व्हती?"

"तिला जमलं नसेल, आजी."

"बाईंना?" मालूबाई म्हणाल्या. त्यांनी मान हलवली. "बाईंना न जमाया काय झालं. तवा त्या आजारी व्हत्या. आजारात मानूस कायपन लिवतं. माजा नवरा जाताना सांगत व्हता, होरी इकून टाक, मालू. जल्मात त्यानी तसा सांगला नसता."

"आजी, ते खरंच आहे. मी दुसऱ्या बाईंनाही विचारून आलेय. आता सगळेच सांगतात, तुमच्या भाषेत बोला तिच्याशी. जितकं जास्त बोलाल तितकं—"

"बाई काय बोलल्या व्हत्या? 'मी सांगेन तोवर.' तू व्हतीस तिथं. मी सांगेन, असा बोलल्या. कागद सांगेल, असा नाय बोलल्या. माजी पोरगी सांगेल, असा नाय बोलल्या."

"पण ती आता नाहीये."

"म्हून तर," मालूबाई म्हणाल्या.

हितेश जमिनीकडे बघत होते. "आये, शाळेवाल्यांनी जूनपासून दुसरीकडं बघा बोललंय. तुला म्हाइती हाय. आता अजून काय व्हायचं ऱ्हायलंय? बोल ना तिच्याशी. कोन अडवतंय?"

"तू गप. तूच बोल्लास ना तवा, आये, बाई सांगतात ता कर." त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. "तुजी आय जाऊन दोन म्हैनं झालं. आन् तू तिची चूक वाचून दाखवाया आलीस? माजी पोर असती तर तिनी कागद फारून टाकला असता."

"टाकणार होते."

"मंग टाकाचा ना, पोरी."

मालूबाईंनी सुपातला एक खडा उचलला, बोटांत फिरवला, बाजूला ठेवला.

"तीन वर्सां," त्या म्हणाल्या. "ती आजारी परली, तापात माजी मांडी सोरत नव्हती, मी अंगाई नाय बोलली. ती तितं पायरीवरनं परली, मी धावली, पन तोंडातून 'बाय' नाय काढला. जाय मना सांगते, तू पत्थराची झाली. मी बोल्ली, होऊ दे, पोर सायबासारी बोलंल. आता ह्यो कागद खरा, तर तीन वर्सां मी काय केलं ता सांग मना. सांग."



मी उठले. "येते आजी" म्हटलं आणि पान हितेशच्या हातातच राहू दिलं. त्याच वेळी दार उघडून भाविका बाहेर आली. टीव्ही कंटाळवाणा झाला असेल. मला ओळखून तिने मान हलवली आणि आजीच्या समोर सुपापलीकडे उकिडवी बसली.

मालूबाईंनी तोंड मिटलं होतं. त्या नातीकडे बघत राहिल्या, मग हितेशच्या हातातल्या कागदाकडे, मग परत नातीकडे. मालूबाईंनी पदराने ओठ पुसले. आणि अगदी बारीक आवाजात, माझ्याशी बोलल्या त्या आवाजाशी काहीच नातं नसलेल्या आवाजात, म्हणाल्या :

"भावे... ये गो बाय. बयजवल बस."

भाविकाने वर पाहिलं. आजीच्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे.

"ह्यो बग," मालूबाईंनी चिमूटभर जवळा उचलला. "ह्यो जवला. आपल्या होरीतला. तुजा आजा आनायचा, लय... लय भरून..."

भाविकाने उजव्या हाताची दोन बोटं आडवी केली आणि आपल्या हनुवटीवर ठेवली.

मान जराशी कलती. भुवया वर. आई गेल्यापासून मी तिच्या साड्या पाहिल्या, चष्मा पाहिला, फोनमधले फोटो आणि आवाज पुन्हा पुन्हा काढून पाहिले. त्या कशातही ती नव्हती. इथे होती, खाडीच्या काठी, साडेसहा वर्षांच्या मुलीच्या हनुवटीपाशी, अगदी जशीच्या तशी.

मालूबाई थांबल्या. तोंड उघडंच राहिलं होतं.

"भावू, बोलू दे आजीला," हितेश म्हणाले. "आजीला बोलायचंय."

मालूबाईंनी पुन्हा सुरुवात केली. "पोरी, आयक—"

"आजी," भाविका म्हणाली. स्पष्ट, स्वच्छ, शिकवलेल्या उच्चारात. आणि बोटं हनुवटीवर आणखी दाबून धरली. रागाने नाही. चुकणाऱ्या माणसाला आपण सांभाळून घेतो तसं.

मालूबाईंनी तोंड मिटलं. त्यांचे हात परत सुपात गेले. हितेश म्हणाले, "आये."

भाविका उठून माझ्याकडे आली. माझ्यासमोर उभी राहिली, डावा हात पुढे केला आणि पालथा धरला.

तिने बरोबर केलं होतं. आजी बोलायला लागली, तिने खूण दाखवली, आजी थांबली. समोर बाईंच्या घरचं माणूस उभं होतं. टिकलीचं पाकीट माझ्या पर्समध्ये होतं, चेनच्या कप्प्यात. मी पर्सला हात लावला नाही. भाविका हात धरून उभी राहिली. मला कळत होतं, ती मनात मोजत असणार. थांबायला तिला माझ्या आईने शिकवलं होतं, आणि ती दहापर्यंत थांबली, कदाचित त्याहून थोडी जास्त.

मग तिने हात मागे घेतला. पालथ्या बाजूकडे एकदा बघितलं, फ्रॉकला पुसला आणि जाऊन आजीशेजारी बसली. मालूबाईंनी सूप थोडं तिच्याकडे सारलं. दोघी जवळा निवडायला लागल्या.